फाट्यावरची पाटी

रस्तेखात्याच्या मोठ्या साहेबांनी खुर्चीवरून न उठता एका माणसाला खोटारडा ठरवलं. ना पूल पाहिला, ना फाटा. ‘पूल दिवसभर चालू होता, पाटी कोणी लावलीच नव्हती, चालकाने स्वतःच्या मर्जीने जुना रस्ता धरला,’ एवढं बोलून ते मोकळे झाले.

तो चालक, एक टॅक्सीवाला, आता धाकट्याच्या गाडीत मागच्या सीटवर बॅगांच्या ढिगाशेजारी अंग चोरून बसला होता. कपाळाला पट्टी होती.

धाकट्याचा जीव टांगणीला लागला होता. जोडून सुट्टी आली की अख्खं शहर एकदम बाहेर पडतं, म्हणून जग उठायच्या आत निघायचं, असा बेत तो महिनाभर घोटत होता. गाडी भरली, चाकात हवा भरली, आणि ऐन वेळी त्याची थोरली बहीण, ताई, टॅक्सीवाल्याला घेऊन आली आणि पुढच्या सीटवर बसली. खाजगी तपास हा तिचा धंदा.

“पूल शहराच्या वेशीवरच आहे. जाऊन येऊ, मग तू मोकळा,” ती म्हणाली होती. धाकट्याची बायको पोरांसकट दारात तिष्ठत होती आणि फोनवर फोन करत होती.

“पुन्हा सांग,” ताई मागे वळून म्हणाली.

“काल सासूबाईंना त्यांच्या गावी सोडायला निघालो,” टॅक्सीवाला म्हणाला. “गर्दी नको म्हणून मुद्दाम भर दुपार धरली. फाट्यावर पाटी होती. पूल बंद, आणि बाण जुन्या रस्त्याकडे. माणूस नाही की काणूस नाही. पुढे उतारावर खडी होती. गाडी घसरून नाल्यात गेली. सासूबाईंचं मांडीचं हाड मोडलं.”

“त्यांनी पाटी पाहिली?”

“त्या घोरत होत्या मॅडम.”

धाकट्याला हसू फुटलं. आरशात टॅक्सीवाल्याचा चेहरा दिसला तसं ते विरलं.

“सुट्टी संपली की लायसन्स जाणार,” टॅक्सीवाला म्हणाला. “ते जाऊ दे. बायको म्हणते, तुला शॉर्टकटची खोडच आहे, माझ्या आईला तू पाडलंस. घरात घेत नाही.”

“गर्दी टाळलीस, साक्षीदारही टळले,” ताई म्हणाली. “आधी जुना रस्ता बघू.”

“ताई!” धाकटा कळवळला. “वाट वाकडी होतेय.”

“तुझं तोंडही. चल.”

जुन्या रस्त्यावर एक हॉटेल होतं. समोर चुन्याने रंगवलेले दगड ओळीने मांडलेले. धाकटा त्यातल्या एकावर टेकला आणि उठला तेव्हा पँटची मागची बाजू पांढरीफटक झाली होती.

हॉटेलमागे लाकडं रचली होती आणि त्यांच्यावर झाकण म्हणून एक पाटी आडवी टाकली होती. पूल बंद. शेजारी बाण.

“हीच!” टॅक्सीवाला ओरडला.

हॉटेलवाला तोंडातली तंबाखू सांभाळत आला. “आज सकाळी नाल्यात मिळाली. लोखंड आहे, टाकून कसं देऊ?”

“नवा पूल झाल्यापासून धंदा कसा आहे?” ताईने विचारलं.

“कुत्रं फिरकत नाही. का हो, पाटी मी लावली असं म्हणायचंय? अहो, काल दिवसभर मी घरी तापाने फणफणत होतो.”

“खरंय,” टॅक्सीवाला म्हणाला. “नाल्यातून वर चढून पाणी मागायला इथेच आलो होतो. कुलूप होतं.”

ताईने धाकट्याला पाटी उलटी करायला लावली. पाटीच्या पायांवर पांढरे थेंब, पाठीवर पांढरे ओघळ. धाकट्याने दोन्ही हातांनी ती तोलून धरली.

“ठेव. हात दाखव,” ताई म्हणाली.

हात स्वच्छ होते. तिने पाटी गाडीच्या टपावर, धाकट्याच्या सामानावर बांधायला लावली आणि हॉटेलवाल्यालाही मागे कोंबलं.

पुलावर वाहनांची वर्दळ सुरू झाली होती. तोंडाशीच वेग कमी करायला लावणारे पांढरे आडवे पट्टे लखलखत होते. बाजूला रंगाच्या डब्यावर खात्याचा मुकादम विडी ओढत बसला होता. टपाकडे त्याची पाठ होती.

“काल पूल बंद होता का हो?” ताईने विचारलं.

“छे! दिवसभर चालू. साहेबांनी सांगितलंय ना.”

“पट्टे मात्र देखणे आहेत.”

मुकादमाची छाती फुगली. “काल दुपारी मारले. या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत एका दमात. कुठे जोड दाखवा, हात कापून देतो!”

ताई वाकली. पट्टे पाहिले, मग पट्ट्यांपुढचं डांबर पाहिलं. मागे हॉर्नचा कलकलाट वाढत होता.

“ताई, कळलं,” धाकटा घाईने कुजबुजला. “हॉटेलवाला! दगडांना चुना, पाटीला चुना. चल आता.”

“मागे बघ. चुन्याच्या दगडाला टेकलास तर पँट भरली. पाटी दोन्ही हातांनी धरलीस तर हातही भरले नाहीत. तो चुना नाही, रस्त्याचा रंग आहे. आणि गिऱ्हाईक खेचायला पाटी लावून दुकानाला कुलूप ठोकणारा शहाणा अजून जन्मायचाय.”

हॉटेलवाल्याने आवाज करत श्वास सोडला.

ताई मुकादमाकडे वळली. “चालू पुलावर आडवा पट्टा अर्धा-अर्धा रंगवतात. एक बाजू सुकली की दुसरी. मध्ये जोड राहतोच. तुमच्याकडे जोड नाही. ओल्या रंगावरून एक चाक गेलं असतं तरी पुढे पांढरे ठसे उमटत गेले असते. पुढचं डांबर काळंकुळकुळीत आहे. म्हणजे रंग सुकेपर्यंत पूल सगळा बंद होता. आणि कधी? काल दुपारी. तुमचंच तोंड सांगतंय. आता टपावर बघा.”

मुकादमाने पाहिलं. विडी बोटांतून गळाली.

“आमचीच,” तो पुटपुटला. “बंद करायची परवानगी नव्हती. फाट्यावर उभा करायला माणूस नव्हता. साहेबांचा फोन आला, गर्दी सुरू व्हायच्या आत पट्टे दिसले पाहिजेत, कसं ते तू बघ. अपघात झाला तेव्हा म्हणाले, पाटी नव्हतीच. मग नाल्यात फेकली.”

टॅक्सीवाला गाडीतून उतरला. तो आता मारणार, असं धाकट्याला वाटलं. पण त्याने नुसता हात पुढे केला. “साहेबांना लाव.”

मुकादमाने फोन लावून त्याच्या हातात दिला. टॅक्सीवाल्याने स्वतःच्या फोनवर बायकोला लावलं. “दोन मिनिटं काही बोलू नकोस. फक्त ऐक.” दोन्ही फोन त्याने समोरासमोर धरले.

“काय रे?” साहेबांचा आवाज आला. “सुट्टीवर निघालोय मी.”

“मी टॅक्सीवाला. मुकादमाने सगळं सांगितलं. पाटी आमच्याजवळ आहे.”

“हे बघा, सुट्टीनंतर ऑफिसात या.”

मागच्या गाडीने कर्कश हॉर्न दिला. धाकटा वळून गरजला, “थांब की रे मेल्या! माणूस बोलतोय!” खिशात त्याचा स्वतःचा फोन थरथरत होता. त्याने तो थरथरू दिला.

“सुट्टीनंतर नाही साहेब, आत्ता,” टॅक्सीवाला म्हणाला. “माझ्या बायकोची आई दवाखान्यात पडलीय आणि बायको ऐकतेय. पूल कोणी बंद करायला लावला? बोला!”