बटण बंद होतं, तरी ठिणगी!

“हळू ये रे पाण्या, नको करू घाई,
कोवळ्या आळ्याला तुझा भार सोसायचा नाही.”

केतकी एवढीशी होती तेव्हा आई पोफळीच्या बागेत पाटाचं पाणी झाडांच्या आळ्यांत वळवताना हे गायची. आता आई दूर समुद्रात, तरंगत्या पवनचक्क्यांच्या दुरुस्तीवर होती. तिचा आवाज मात्र केतकीच्या कानात कायमचा वस्तीला आला होता. फक्त त्या रविवारी सकाळी, खाडीकाठच्या शेडमध्ये, केतकीनं तो ऐकला नाही. पोरीला घाईच तशी होती!

उद्या घरच्या नव्या, विजेवरच्या होडीची सरकारी तपासणी होती. पूल खचलेला, शाळा पलीकडच्या तीरावर, आणि डिझेलच्या होड्यांना खाडीत बंदी. ही होडी पास झाली तर अलीकडची मुलं घरी राहून शिकणार. नाही तर सगळ्यांची रवानगी शहरातल्या वसतिगृहात!

“वसतिगृह छान असतं गं,” नाना आठवडाभर सांगत होते. “मैत्रिणी मिळतात, मोठं ग्रंथालय असतं.” नाना म्हणजे तिचे आजोबा, एके काळी उपग्रहांच्या बॅटऱ्या बनवणारे. केतकीला मात्र ते ऐकून रडूच यायचं. यांना काहीच कसं वाटत नाही?

नाना धक्क्यावर होडीच्या पंख्याचे बोल्ट आवळत होते. शेडमध्ये त्यांनी जुन्या स्कुटरांतले निवडक लिथियम सेल जोडून केलेला बॅटरी पॅक ठेवला होता. शेजारी मोटर कंट्रोलर (बॅटरीतली वीज मोटरला मापून देणारी पेटी). दोन वायरी जोडल्या की झालं! होड्यांच्या गावातली पोर ती. डिझेलच्या इंजिनाला हॅन्डल मारल्याशिवाय ते ढिम्म हलत नाही, हे तिनं जन्मापासून पाहिलेलं. इथं तर बटण बंदच होतं. भ्यायचं कशाला? तिनं काळी वायर जोडली, मग लाल प्लग टेकवला.

फट्ट!

निळी ठिणगी उडाली. प्लगची पितळी पिन काळी ठिक्कर पडली. केतकी दोन पावलं मागे.

“बाईसाहेब, बोटं मोजा,” कोपऱ्यातून ठोकळ्या म्हणाला. नानांनी गिरणीच्या पत्र्यातून घडवलेला हा यंत्रमानव. “दहा भरली तर पुढचं बोलू.”

आवाज ऐकून नाना धावत आले. आधी त्यांनी तिचे हात उलटसुलट करून पाहिले. मग पॅकवर तळवा धरला. गरम नाही, फुगलेला नाही. मग कुठं त्यांचा जीव भांड्यात पडला.

“मी नसताना हात लावायचा नाही, असं ठरलं होतं ना?”

“हो.” केतकीचा आवाज चिमणीएवढा झाला. “पण नाना, बटण बंद होतं! मोटर हललीसुद्धा नाही. मग एवढी वीज प्यायलं कोण?”

नानांच्या भुवया आनंदानं वर गेल्या. “हा खरा प्रश्न! कंट्रोलरच्या पोटात कपॅसिटर असतात. वीज साठवणारे रांजणच म्हण ना. ते बटणाच्या अलीकडे बसतात, बॅटरीला लागूनच. आता रांजण रिकामा, आणि लिथियमची बॅटरी म्हणजे तुडुंब धरण. हात आखडता घेणं तिला ठाऊकच नाही. वायर टेकली रे टेकली, की सगळा लोंढा एका क्षणात रांजणात! त्याचीच ती ठिणगी. असं वारंवार झालं तर पिन जळते, कंट्रोलरही मरतो.”

“म्हणजे पाट एकदम फोडला, तर आळं वाहून जातं तसं?”

“अगदी तसं!”

“मग पाण्याला हळू यायला सांगायचं!” केतकीनं टाळीच वाजवली. “पण विजेला कसं सांगणार?”

नानांनी डब्यातून वाटाण्याच्या शेंगेएवढा तुकडा काढला. “हा रेझिस्टर (वीज अडवून अडवून सोडणारा रोधक). आधी याच्यातून रांजण भरायचा. भरला, की मग मोठा दरवाजा उघडायचा.”

काळी पिन बदलली. नानांनी चष्मे, हातमोजे चढवायला लावले, केतकीच्या हातातलं कडं काढून ठेवलं. पॅकच्या विजेचा दाब कंट्रोलरवर लिहिलेल्या मर्यादेत आहे ना, अधिक-उणे उलटं नाही ना, हे ठोकळ्यानं आपल्या मीटरच्या बोटांनी तपासलं. बॅटरीच्या अधिक टोकाशेजारीच फ्यूज होता (गडबड झाली तर स्वतः वितळून बाकीच्यांना वाचवणारी तार). प्रत्येक सेलवर नजर ठेवणारी राखणदार पट्टीही जागी होती.

उण्याची वायर जोडली. मग अधिकाची, पण रेझिस्टरमधून.

ना फट्ट, ना ठिणगी! केतकी नकळत गुणगुणू लागली, हळू ये रे पाण्या...

“चढतोय, चढतोय!” ठोकळ्या ओरडत होता. “अर्धा रांजण! पाऊण! काठोकाठ! बाईसाहेब, तुमची ओवी संपायच्या आत बॅटरी आणि रांजण एका पातळीला!”

“आता पाणी धावेलच कशाला?” नाना म्हणाले. “लाव मोठा प्लग.”

केतकीनं प्लग दाबला. टक्. बास, एवढाच आवाज.

“आणि काढताना लक्षात ठेव, बॅटरी काढली तरी रांजण भरलेलाच असतो. तोही रेझिस्टरनंच रिकामा करायचा. मगच हात.”

पॅक आणि कंट्रोलर होडीत बसवले, आणि तिघांना घेऊन ती पाण्यात उतरली. केतकीनं वेगाची मूठ पिळली आणि मोटर भुंग्यासारखी गुंजत निघाली. ना धूर, ना खडखड! खारफुटीतले बगळे उडालेसुद्धा नाहीत. पलीकडच्या तीरावरची शाळा जवळ जवळ येऊ लागली.

“नाना, वरच्या वाडीची होडीपण अशीच करू! मग खाडीतल्या सगळ्या!”

“मला तेल कोण घालणार?” ठोकळ्या कुरकुरला. “शिंतोड्यांनी गुडघे गंजताहेत माझे.”

केतकी हसली. नाना हसले नाहीत. ते पाण्याकडे पाहत बसले होते.

“उद्या नक्की पास होणार आपण. वसतिगृह हुकलं हो, नाना,” ती चिडवत म्हणाली. “तुमचं ते छान ग्रंथालयपण गेलं.”

नानांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला.

“केतकी, तू जाऊ नयेस असंच मला वाटत होतं गं. पहिल्या दिवसापासून. पण म्हाताऱ्यापायी तुझा पाय घरात अडकू नये, म्हणून बोललो नाही.”