थडग्यावरची चिल्लर

लीलँड प्रुइट आला तो ऑक्सिजनची टाकी मागे ओढत. टाकीची चाकं लोर्ना हॅचरच्या ऑफिसच्या उंबऱ्याला अडली, तसा व्हर्जिल टूमी मदतीला उठला. म्हाताऱ्याने त्याला हातानेच थोपवलं.

"याहून जड ओढलंय मी," तो धापा टाकत म्हणाला. "तक्रार त्याचीच आहे."

लोर्नाने त्याला बसू दिलं, दम खाऊ दिला. जिल्ह्याच्या तपास खात्यात तिची हयात गेली होती. वरच्यांशी भांडून ती बाहेर पडली आणि टाकर फोर्कच्या मुख्य रस्त्यावर खाजगी तपासाची स्वतःची पाटी लावून बसली. व्हर्जिल शाळेची बस चालवायचा. निवृत्त झाल्यावर तो तिची गाडी चालवू लागला आणि जमेल तेवढं डोकंही. गाडी त्याला जास्त जमायची.

लीलँडची कहाणी थोडक्यात अशी. जिल्ह्याच्या राखीव तुकडीतली पोरं अडुसष्ट साली एकत्रच व्हिएतनामला गेली. नोव्हेंबरात एका ओढ्यात त्यांना शत्रूने गाठलं. लीलँडने पाण्यातून दोघांना ओढून काढलं. रेडिओवाला ओडेल फाउंटन जगला. डेल कोव्हॅच लीलँडच्या मांडीवर गेला. लीलँडच्या खांद्यात लोखंडाचा तुकडा घुसला होता. मलमपट्टीवाल्या पोराने चिखलातच पट्टी बांधली, त्यामुळे जखमेची नोंद कुठेच झाली नाही. तो पोरगाही आता वर गेला. या पराक्रमाचा सिल्व्हर स्टार, शौर्याचं मेडल, मिळाला, पण तो रस डोम्बेकला. कॅप्टनच्या ड्रायव्हरला.

"आणि तुम्ही शेहेचाळीस वर्षं गप्प बसलात," लोर्ना म्हणाली.

"परत आलो तेव्हा मेडल नको होतं. झोप हवी होती. गावात बोभाटा झाला की प्रुइट पळाला. म्हटलं, बोलू देत. आता डॉक्टर म्हणतो, बर्फ पडायच्या आत आटपेल." तो खोकला. "सरकार थडग्याचा दगड फुकट देतं, बाई. पण नोंदीत असेल तेवढंच त्यावर कोरतं. माझ्या दगडावर काही नसणार. डेलची बहीण मॉरीन त्यापुढून जाईल, आणि पळपुटा इथे पुरलाय एवढंच तिला वाचता येईल. मला ते नको."

नोंदी दुरुस्त करणाऱ्या मंडळाकडे त्याने अर्ज केला होता. मंडळ म्हणजे दूरच्या शहरात गरम कॉफी घेऊन बसलेली माणसं. चिखलात कोण होतं, हे ती चिखल न बघता ठरवतात. अर्ज परत आला. सोबत कुणाच्या तरी शपथपत्राची प्रत होती: "मी त्या दिवशी ओढ्यावर हजर होतो. प्रुइट तिथे नव्हता." सही करणाऱ्याच्या नावावर काळी पट्टी मारलेली.

लीलँड गेल्यावर व्हर्जिल हळहळला. लोर्ना भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती.

"हाच खोटं बोलत असला तर?"

"अगं, मरायला टेकलेला माणूस कशाला खोटं बोलेल?"

"मरायला टेकलेलीच निवांत खोटं बोलतात, व्हर्जिल. त्यांना उलटतपासणीची भीती नसते."

माजी सैनिकांच्या हॉलचा अध्यक्ष म्हणजे खुद्द रस डोम्बेक. धिप्पाड, हसरा, सगळ्या गावाचा मोठा भाऊ. त्याने दोघांपुढे गरम पेपरोनी रोल ठेवले आणि लीलँडची तब्येत विचारली. त्याला आठवड्यातून दोनदा दवाखान्यात रसच नेत असे, हे व्हर्जिलला तिथेच कळलं. माणूस त्याला आवडून गेला.

भिंतीवर चौकटीत मानपत्र होतं. लोर्नाने ते व्हर्जिलला मोठ्याने वाचायला लावलं. डोम्बेकने गोळीबारात ओढ्यात उडी घेतली, दोन साथीदारांना बाहेर काढले, आणि जखमी कोव्हॅचला शेवटच्या श्वासापर्यंत आपल्या हातांत धरून ठेवले.

"हे असंच घडलं?" तिने विचारलं.

"अक्षर न् अक्षर," रस म्हणाला. लीलँडच्या विरोधात आपण कुणाला काही लिहून दिलेलं नाही, असंही त्याने सांगितलं. मग आवाज उतरवला. "लीलँड वाईट नाही हो. तो मनाने पळाला नाही, पायांनी पळाला. एवढ्या वर्षांत त्याच्याच डोक्यात गोष्ट उलटी झालीय. बिचाऱ्याला दुखवू नका."

बाहेर आल्यावर व्हर्जिलने मान डोलावली. पटण्यासारखं होतं. लोर्नाने रोलला हातही लावला नव्हता.

ओडेल फाउंटनचं बूटदुरुस्तीचं दुकान पुलाखाली होतं. तो काउंटरमागून उठला नाही. फळीवरचा बूट घ्यायला तो खुर्चीसकटच वळला, तेव्हा व्हर्जिलला खुर्चीची चाकं दिसली.

"साखरेने पाय खाल्ले," ओडेल म्हणाला. "तीन वर्षं झाली. आता दुसऱ्यांच्या पायांची काळजी घेतो. विचारा काय विचारायचं ते."

विचारलं, तसा तो दगडासारखा झाला. ओढ्याच्या वेळी आपण होनोलुलूला रजेवर होतो, असं तो म्हणाला. भिंतीवर पुरावा होता: गणवेशातला तरुण ओडेल, बायको, आणि दुपट्यातली इवलीशी पोर. रजेचा कागदही होता.

"लीलँड म्हणतो, त्याने तुम्हाला पाण्यातून ओढलं."

ओडेलची आरी चामड्यात थांबली. "लीलँड आजारी आहे," तो म्हणाला. "कागद काय म्हणतो ते बघा. काळ्या माणसाच्या बाजूने एकदाच कागद बोलला, तर त्यावरही तुम्हाला शंका?"

डेलच्या थडग्यावर कधी जाता का, असं लोर्नाने विचारलं. मान न उचलता तो म्हणाला, "ती चढण आता मला कुठली? आणि आधीही कधी गेलो नाही."

गाडीत बसताच व्हर्जिलने निकाल देऊन टाकला. दोन माणसं एकीकडे, एक आजारी म्हातारा दुसरीकडे. अशिलाला पैसे परत करावेत आणि गप्प बसावं. लोर्ना म्हणाली, "मॉरीन राहिली."

दुसऱ्या दिवशी मेमोरियल डे, युद्धात गेलेल्यांचा स्मरणदिन. आदल्या संध्याकाळी मॉरीन कोव्हॅच भावाचा दगड घासायला कब्रस्तानात येते, हे गावाला ठाऊक होतं. व्हर्जिल आधी फौजेत गेलेल्या स्वतःच्या थोरल्या भावाच्या, रॉयच्या थडग्यापाशी गेला. रॉयच्या दगडावर कुणीतरी निकेल, पाच सेंटचं नाणं, ठेवलं होतं. व्हर्जिलने शेजारी आपली एका सेंटची पेनी ठेवली. सपाट तळव्यांमुळे त्याला फौजेने घेतलं नव्हतं. त्याची मजल पेनीपर्यंतच. पेनी म्हणजे येऊन गेलो. निकेल म्हणजे शिकाऊ छावणीत सोबत होतो. दहा सेंटचा, पण आकाराने सगळ्यात लहान डाइम म्हणजे एका तुकडीत लढलो. पंचवीस सेंटचं क्वार्टर म्हणजे तुझा जीव गेला तेव्हा मी जवळ होतो. फौजेतल्यांच्या घरची माणसं हे जाणतात. बाकीच्यांना ती चिल्लर वाटते.

मॉरीनला चिल्लरच वाटत होती. तिच्या घरचा डेल एकटाच फौजेत गेला, आणि सांगायला परत आला नाही. लीलँडचं नाव काढताच तिने ब्रश बादलीत आपटला.

"रसने आईपुढे गुडघे टेकून सांगितलं की डेल त्याच्या हातात गेला आणि लीलँड शेपूट घालून पळाला. लीलँड आमच्याच टेबलावर जेवून वाढलेला मुलगा. तुम्ही त्याच्या बाजूने आलात ना? मग वाट धरा."

लोर्नाने वाट धरली नाही. ती गवतात फतकल मारून बसली आणि दुसरा ब्रश घेऊन दगड घासू लागली. थोड्या वेळाने मॉरीन आपोआप बोलायला लागली. रस दरवर्षी पुष्पचक्र आणतो, तिचा हात धरून उभा राहतो, एक नाणं ठेवतो.

"सगळ्यात लहान नाणं, दरवर्षी," ती हसली. "मनाने राजा, पण खिशाने कवडीचुंबक. लोक मोठी मोठी ठेवतात. एक पहाटेच आलेलं असतं. एक दुपारी, सगळे गेल्यावर येतं. तेही आधी माथ्यावर असायचं. हल्ली खाली, पायाच्या कट्ट्यावर असतं. ठेवणाऱ्याची उंची कमी झाली की काय कोण जाणे. मी सगळी गोळा करून चर्चच्या पेटीत टाकते."

"हल्ली म्हणजे?"

"तीनेक वर्षं."

लोर्ना उठली, गुडघे झटकले आणि व्हर्जिलकडे पाहून म्हणाली, "उद्या काळा कोट घाल. आणि अशिलाचे पैसे परत करायचे नाहीत."

सकाळी बिगुल वाजला, भाषणं झाली, झेंडे लागले. लीलँड फाटकापाशी टाकी धरून उभा होता. मॉरीनने त्याच्याकडे पाठ केली. डेलच्या स्वच्छ दगडाच्या माथ्यावर एक क्वार्टर पहाटेच येऊन बसलं होतं. रसने पुष्पचक्र ठेवलं, मॉरीनचा हात हातात घेतला, खिशातून नाणं काढून दगडावर ठेवलं आणि टोपी काढली. व्हर्जिलने पाहिलं. तरीही त्याच्या डोक्यात काही पेटलं नाही.

गर्दी पांगली. लोर्नाने रस आणि मॉरीनला थांबवून घेतलं, लीलँडला हाक मारली. मॉरीन निघू लागली, पण लोर्ना म्हणाली, "डेलसाठी थांबा. माझ्यासाठी नको." ती थांबली.

मग चाकं करकरली. ओडेल फाउंटन दोन्ही हातांनी खुर्ची रेटत चढण चढत होता. या माणसांना पाहून तो थबकला. उतारावर एकट्याने खुर्ची वळवणं धोक्याचं होतं. तो तसाच पुढे आला. त्याची मूठ मिटलेली होती.

"मूठ उघडा, ओडेल," लोर्ना म्हणाली.

त्याने उघडली. क्वार्टर होतं.

"हा माणूस शेहेचाळीस वर्षं सांगतोय की मी त्या वेळी समुद्रापार रजेवर होतो," लोर्ना शांतपणे म्हणाली. "पण दरवर्षी, सगळे गेल्यावर, इथे क्वार्टर ठेवतो. आधी माथ्यावर ठेवायचा. तीन वर्षांपूर्वी पाय गेले, हात माथ्यापर्यंत पोचेना, तेव्हापासून खालच्या कट्ट्यावर. मॉरीन, तुमच्या लेखी ही चिल्लर आहे. यांच्या लेखी क्वार्टर म्हणजे एकच गोष्ट: हा गेला तेव्हा मी इथे होतो."

मॉरीनने दगडाकडे पाहिलं. "मग पहाटेचं?"

"माझं," लीलँड म्हणाला. "पहाटे येतो, म्हणजे तुला माझं तोंड बघावं लागत नाही."

"आता हे." लोर्नाने माथ्यावरचं लहान नाणं उचललं. "डाइम. म्हणजे आम्ही एका तुकडीत होतो. बस, तेवढंच. पण डोम्बेकसाहेब, तुमचं मानपत्र म्हणतं, डेलला शेवटच्या श्वासापर्यंत तुम्ही हातांत धरलं होतं. तुम्हीच म्हणालात, अक्षर न् अक्षर खरं. मग दरवर्षी डाइम का?"

रस हसला. "हाताला लागेल ते नाणं ठेवतो, बाई. मी काय मोजून आणतो?"

"दरवर्षी तेच नाणं हाताला लागतं? हॉलचे अध्यक्ष तुम्ही. नवीन पोरांना या नाण्यांचा अर्थ कोण शिकवतं?"

रसचं हसू विरलं.

"तुम्ही मंडळाला फसवलंत, या बाईच्या आईला फसवलंत, गावाला फसवलंत. ते सगळे जिवंत होते, त्यांना फसवता येतं. याला फसवायची हिंमत झाली नाही. क्वार्टर हातात घेतलंत की डेल विचारणार, रस, तू कुठे होतास रे?"

"आणि शपथपत्र?" व्हर्जिलने न राहवून विचारलं.

"लिहिणारा म्हणतो, मी ओढ्यावर होतो. ओडेलने ते लिहिलं असतं तर त्याची रजा खोटी ठरली असती. ज्या गोष्टीवर तो जन्मभर बसलाय ती तो स्वतःच कशाला उकरेल? ओढ्यावर होतो असं म्हणण्यात फायदा असलेला माणूस एकच उरतो. लीलँडला मेडल मिळालं, तर भिंतीवरची चौकट उतरवावी लागणार होती. त्याला दवाखान्यात न्यायचं, आणि किती दिवस उरलेत तेही बघत राहायचं."

मग ओडेल बोलला, रसकडे न बघता.

"कॅप्टनला आपल्या ड्रायव्हरला मेडल द्यायचं होतं. रसची जीप दोन मैल मागे उभी होती. कॅप्टन मला म्हणाला, फाउंटन, तू त्या दिवशी होनोलुलूला होतास. मागची तारीख टाकून रजा दिली. नाही म्हणालास तर रोज सगळ्यांच्या पुढे चालशील, सुरुंगांवर. माझी पोरगी तीन आठवड्यांची होती. मी तिला पाहिलं नव्हतं." त्याने डोळे पुसले नाहीत. "घेतली रजा. पोरीला मांडीवर घेतलं. तेव्हापासून या माणसाच्या नजरेला नजर दिली नाही."

लीलँड टाकी ओढत त्याच्यापाशी गेला. "पोरगी काय करते आता?"

"शिक्षिका आहे. पिट्सबर्गला."

"मग झालं. रजा वाया गेली नाही." लीलँडने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. "तेव्हाही भलताच जड होतास तू."

ओडेल हसला आणि रडला, दोन्ही एकदम. मंडळापुढे शपथेवर सगळं सांगेन, माझ्या कागदाचं काय व्हायचं ते होवो, असं तो म्हणाला.

मॉरीनने लोर्नाच्या हातातला डाइम घेतला. रसचा तळवा उघडला, त्यात तो ठेवला आणि बोटं मिटवली.

"माझी आई तुझ्यासाठी प्रार्थना करत मेली," ती म्हणाली. "जा आता."

रस डोम्बेक उतरणीने गेला. टोपी हातातच होती.

मंडळाने वेळ खाल्ला. सरकारी घोडं, वरात निघून गेल्यावर दारात येणार. लीलँड ऑक्टोबरात गेला, मंडळाचा निकाल नाताळात आला. मॉरीनने तो पाकिटासकट दगड कोरणाऱ्याकडे नेऊन दिला.

पुढच्या मेमध्ये व्हर्जिलने लोर्नाला कब्रस्तानात नेलं. नव्या पांढऱ्या दगडावर नावाखाली सिल्व्हर स्टार होता, जखमेसाठीचं पर्पल हार्टही होतं. मॉरीनने दोन्ही दगड घासून लख्ख केले होते. लीलँडच्या पायाकडच्या कट्ट्यावर एक क्वार्टर होतं. दवाखान्यात शेवटच्या सकाळी ओडेलने त्याचा हात धरला होता. या वेळी व्हर्जिलला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. त्याने आपली पेनी ठेवली.

मग त्याला माथ्याच्या कडेला, जवळजवळ पडायच्या बेतात, एक डाइम दिसला. त्याचं डोकं फिरलं. टिचकी मारून तो उडवायला त्याने बोट वाकवलं.

लोर्नाने त्याचा हात धरला.

"राहू दे," ती म्हणाली. "त्या माणसाने आयुष्यात खरं सांगितलं असेल, तर तेवढंच."