दगडखाणीतला गरम ढीग

सकाळी आठला फोन वाजला तेव्हा अबोली बारामतीत चहा गाळत होती.

"ताई, विहिरीतलं मासं समदं पालथं पडल्यात. कुनीतरी इख घातलंय. लवकर या!" फोनवर दगडाबाई होत्या.

अबोली माती-पाणी तपासून द्यायची. त्याआधी तिनं तीन वर्षं उत्तर ध्रुवाकडच्या एका खाणीवर काढली होती, जिथली जमीन बारा महिने गोठलेली असते. दगडाबाईंचे यजमान गेणबा वर्षापूर्वी आपल्या चोपण, क्षारांनी कडक झालेल्या रानाची माती घेऊन तिच्याकडे आले होते, तेवढीच ओळख. तरी चहा तसाच ठेवून तिनं गाडी काढली.

वस्ती इंदापूरच्या अलीकडे. त्या एका विहिरीचं पाणी नळानं अकरा घरांत जायचं, आणि दारात नळ आल्यावर विहिरीत डोकावतंय कोण? मासे फक्त दगडाबाईंनी पाहिले होते.

अबोलीनं पाण्यात तपासणीची पट्टी बुडवली. पट्टी लाल झाली. विष नव्हतं, ॲसिड होतं.

"चव कधी बदलली, मावशी?"

"म्हैना झाला. लिंबू पिळल्यागत लागतंय. पर दुसरं पानी हाय कुठं?"

विहिरीच्या वरच्या अंगाला बंद पडलेली दगडखाण होती आणि तिच्यात काळ्या दगडाचा पुरुषभर उंच ढीग. तो रणजितचा, असं दगडाबाई दातओठ खात म्हणाल्या. रणजित कारखान्यांच्या बॉयलरना कोळसा पुरवायचा. फोन केल्यावर तो मोटारसायकलवरून आला.

"हा माल कुठला?"

"कोळशाच्या खाणीतला टाकाऊ दगड. कोळशात मिसळून येतो, जळत नाही. कुठंतरी टाकावाच लागतो, मॅडम."

"कधी टाकला?"

"दोन वर्षं झाली. वर मुरूम पसरून रोलर फिरवला. दोन पावसाळे गेले, विहिरीला काय झालं? विचारा की यांना."

अबोली ढिगावर चढली. मुरूम बाजूला ओढलेला होता. दगड खालीवर केलेला, वर उसाचं पाचट, आणि भर मार्चात सगळं ओलंचिंब. तिनं पहार आत खुपसली, थोडं थांबून ओढली. टोकाला हात लावताच चटका बसला.

खाली दगडाबाईंच्या गोठ्याशी गेणबा बसले होते, शेजारी भिंतीला एक फावडं टेकलेलं होतं. पात्याची कड खाल्लेली, पिवळी.

"आबा, फावडं कधीचं?"

"दिवाळीत घेतलं," गेणबा म्हणाले.

"एवढ्यात असं झालं?"

गेणबांनी फावडं पाठीमागं सरकवलं. रणजित हसायच्या बेतात होता. अबोलीनं त्याला डोळ्यांनीच गप्प केलं.

"या दगडात गंधक आहे," ती म्हणाली. "दाबून ठेवला तर गप असतो. हवा-पाणी लागलं की तापतो आणि ॲसिड सोडतो. रणजित, विहिरीच्या उशाशी हे आणून टाकलंस, तो गुन्हा तुझाच. पण मुरूम काढून रोज फावडं कुणी चालवलं, ते ॲसिडनं खाल्लेलं पातं सांगतंय. पाचटानं झाकून, पाणी मारून, पलटी देऊन काय करतात? शेणखत कुजवतात. आबा, तुम्ही हा ढीग खतासारखा जोपासलात ना?"

"व्हय." गेणबा म्हणाले. "मुरूम वढून चार दिसांनी हात घातला तर ढीग ऊन लागला. वाटलं, पिकतंय. खत तापलं की पानी मारायचं, पलटी द्यायची, आमी जल्मभर ह्येच केलं. जितकं तापलं तितकं पानी वाढवलं."

"पण हा दगड रानात घालायचं सुचलं कुठून?"

"ह्यात गंधक हाय, असं ह्याचा ड्रायव्हर म्हनला. आन चोपण रानाला गंधक पायजे, आसं तुमीच लिहून दिलं व्हतं न्हवं?"

लिहून तिनंच दिलं होतं. कसलं गंधक, कुठून घ्यायचं, हे सांगायला त्या दिवशी तिला सवड नव्हती. दोघांना पकडणारी बाई स्वतःच तिसरी दोषी निघाली.

"विझंल का?" गेणबांनी विचारलं.

"मी पूर्वी बर्फाळ मुलखात खाणीवर होते, तिथं असलाच एक ढीग होता, आबा. खाली जमीन गोठलेली, तरी आत धग. खालचा बर्फ वितळायचा, ओढा नासायचा. मोठमोठे इंजिनिअर हात टेकून गेले."

"उचलून नेऊ?" रणजित आता हसत नव्हता.

"उकरलास तर आणखी हवा लागेल. आजच्या आज मुरूम टाकून दाब. पण विहिरीत झिरपलंय ते परत येत नाही."

गेणबा उठले. "घराघरांत मीच सांगतो. पाप माजं हाय."

त्यांना एकट्यानं पाठवणं अबोलीला जमेना, तीही निघाली. पहिलं घर श्रेयाचं. दिवाळीनंतर लग्न होऊन आलेली मुलगी. दारात वडीलधारं माणूस दिसताच ती रीतीप्रमाणे तांब्या-भांडं घेऊन आली.

"या आबा, बसा. ऊन केवढं हाय. पानी घ्या."

गेणबांनी भांडं घेतलं. पिववेना, खालीही ठेववेना. श्रेयानं तांब्यातलं उरलेलं पाणी तोंडाला लावलं, तसा अबोलीनं तिचा हात धरला.

"पिऊ नकोस. खराब झालंय. विहीरच गेली."

श्रेयानं तांब्याकडे पाहिलं, मग गेणबांकडे, मग अबोलीकडे.

"मग काय पिऊ, ताई?"