आरसा न मारलेली चादर

"ह्या पुस्तकाचा शेवट बदलून मिळंल काय?"

मी चष्मा सारखा करत मान वर केली. काउंटरपलीकडे एक मुलगी उभी होती. स्कार्फ अर्धा सुटलेला, उन्हानं गाल तांबडे झालेले, भुवईवर कापसाचा एक पांढरा धागा अडकलेला... आणि हातात ते पुस्तक.

ते पुस्तक!

सोलापुरात सात रस्त्याजवळचं हे दुकान माझ्या धर्मपालमामाचं. बी.एस्सी. झाल्यापासून मी इथंच बसते. इथं खपतं ते सगळं परीक्षांचं. पोलीस भरती, तलाठी भरती, बारावीची अपेक्षित प्रश्नसंच. एक फळी मात्र मी मामाशी भांडून मिळवलीय, गोष्टींच्या पुस्तकांची. 'कक्षेबाहेरच्या दोघी' त्या फळीसाठी मीच मागवलं होतं. अंतराळयान, शनीची कडी आणि यानातल्या ओवी आणि मैना ह्या दोन मुली एकमेकींच्या प्रेमात पडतात. आणि हे सगळं मराठीत! दोन प्रती आल्या. एक माझ्या उशाशी गेली, दुसरी फळीवर. ती कोण घेतंय म्हणून मी रोज डोळ्यात तेल घालून बसायची, आणि नेमकी मी जेवायला गेले असताना मामानं ती विकली. कोणाला, विचारलं तर म्हणे, "गिऱ्हाईक होतं."

हे ते गिऱ्हाईक.

"काय झालं पुस्तकाला?" मी साळसूदपणे विचारलं.

"काय झालं? निम्म्याच्या वर लई भारी हाय. जेवताना, चहा पिताना, कुटंबी वाचत होते. आन् शेवटी काय, तर मैना यंत्र निघाली! ओवी जे बोलंल तेच गोड करून परत बोलणारं यंत्र. एक बटण दाबलं, की संपली मैना. असं असतंय व्हय?"

मामानं आतून आवाज दिला, "बदलून देतो की. तलाठी भरती घ्या, नवी आवृत्ती आलीय."

"नको मामा, तलाठ्याचा शेवट मला म्हाईत हाय."

मला हसू फुटलं. तीही हसली. हसताना तिची भुवई उडाली, पण तो धागा काही हलला नाही.

"म्हणजे तक्रार विज्ञानाची आहे?" मी जपून विचारलं.

"विज्ञान जाऊ द्या की. शनीजवळ त्या दोघी गच्चीवर बसल्यागत बसत्यात, तेबी मी सोडून दिलं. पण..." तिचा आवाज एकदम खाली आला. "पोरीवर जीव लावणारी पोरगी खरी असू शकत न्हाय काय? यंत्रच पायजे?"

अगदी ह्याच कारणासाठी मी उशी भिजवली होती. पण म्हणून ती माझ्यासारखीच, असं कसं धरायचं? मांजराची गोष्ट वाचून रडणारा माणूस काही मांजर नसतो. माझं म्हणणं एवढंच होतं, की मला कळायला हवं होतं. आणि विचारायची छाती नव्हती.

तिचं नाव दाक्षायणी. गाव अक्कलकोटच्या पलीकडचं, घरात कानडी, बाहेर मराठी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका चादरीच्या कारखान्यात ती डिझाइन करायची. सुट्टीच्या दिवशी स्कूटी घेऊन दुकानात यायला लागली, आणि मी सुट्टीच्या दिवशी नवी ओढणी घ्यायला लागले. मामाच्या हे लक्षात आलं नाही. तिच्या मात्र आलं.

"सूत बरं हाय," ओढणीचं टोक दोन बोटांत धरून ती म्हणायची, "पण रंग तुला शोभतोय म्हणून माफ."

असं कोणी बोलल्यावर माणसानं हिशोब कसे जुळवावेत!

तिचं बघणंच वेगळं होतं. मला जिथं नुसती रहदारी दिसायची तिथं तिला नक्षी दिसायची. रस्त्यावरच्या केळीवाल्याच्या गाड्यात तिला काठ सापडायचा. मी तिच्यावर भाळले होते, सरळच सांगते.

"चादरीवरचे मोर तू कसे काढतेस?" एकदा मी विचारलं.

"एकच काढते. दुसऱ्याला आरसा मारायचा. कम्प्युटर तोच मोर उलटा करून समोर ठेवतोय. म्हणून तर दोन्ही बाजू जुळत्यात."

"म्हणजे दुसरा मोर खरा नसतोच?"

"न्हाय की. बिचारा पहिला आपल्यालाच बघत बसलाय."

आम्ही दोघी एकदमच म्हणालो, "मैनासारखं!"

त्या दिवसापासून खेळच सुरू झाला. ती आली की विचारायची, "आज शेवट काय?" मी नवा शेवट रचून सांगायची. मैनाला जीव येतो. ओवी शनीवरच राहते. ओवीसुद्धा यंत्र निघते! दाक्षायणी प्रत्येक शेवट नापास करायची.

"मग तूच सांग की."

"मला सांगाय येत न्हाय," ती म्हणायची. "करून दावीन कवातरी."

मग एका शनिवारी ती आली ती पुस्तकाचा विषय न काढताच.

"पानिपतच्या एका कारखान्यानं बोलवलंय. सोमवारी हो-न्हाय सांगायचंय."

"जा की," मी म्हणाले. "भारीच झालं!"

मराठी माणसाचं पानिपतावर जे व्हायचं, ते माझं सात रस्त्यावरच झालं.

"तुला काय वाटतंय?" तिनं विचारलं. थेट माझ्याकडे बघत.

"मला काय वाटायचंय..." मी कानामागचं पेन काढलं, परत कानामागं लावलं. ती स्कार्फ बांधून निघून गेली. त्या रात्री मी स्वतःला इतक्या शिव्या घातल्या, की विचारू नका.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पुन्हा आली. काखेत एक गुंडाळी होती. तिनं ती काउंटरवर पसरली. चादरीचा नमुना होता, तांबडा आणि पांढरा. काठाला शनीची कडी. आणि मधोमध, जिथं मोर असतात तिथं, गोल शिरस्त्राणं घातलेल्या दोन मुली समोरासमोर.

मी बघतच राहिले. आणि माझ्या तोंडून निघालं ते हे, "अगं, दोन्ही बाजू जुळत नाहीत. आरसा मारायला विसरलीस का?"

तिचा चेहरा उतरला.

"मालकबी परवा तेच म्हणाले. पीस वाया गेला म्हणाले." ती चादर गुंडाळायला लागली.

तेवढ्यात मला तो ठिपका दिसला. डावीकडच्या मुलीच्या भुवईवर, तांबड्यात एकच पांढरा. मी चादरीवर हात ठेवला. उजवीकडची मुलगी बघितली. तिला चष्मा होता, आणि शिरस्त्राणाच्या आत, कानामागं, पेन.

"दाक्षायणी... ही मी?"

"विसरले न्हाय मी," ती म्हणाली. "आरसा मारलाच न्हाय. हितली दुसरी येगळी हाय, खरी हाय. तिला येगळी बघून काढाय लागती. म्हणून तर येत होते की मी... बघाय."

आता तरी बोल, बुद्धप्रिया!

"जाऊ नकोस," मी म्हणाले. "काल खोटं बोलले. मला तू आवडतेस. मैत्रीण म्हणून नाही... म्हणजे, मैत्रीण म्हणूनही, पण... तू ओवी असतीस, तर मला मैना व्हायला आवडलं असतं. खरी मैना."

"अय्यो," ती म्हणाली. डोळे भरलेले आणि ओठांवर हसू. "एवढं बोलाय चादर विणाय लागली व्हय?"

"आणि पानिपत?"

"तितंबी मोरांना आरसाच मारत असतील. मी हितंच बरी."

आजही तिच्या भुवईवर एक धागा होताच. मी हात लांब केला आणि अलगद तो काढला. इतके दिवस मला तेवढंच करायचं होतं. तिनं माझा हात धरून ठेवला, चादरीवरच.

"उलटून बघ," ती हळूच म्हणाली.

मी दुसऱ्या हातानं कोपरा उलटला. सोलापुरी चादर ती. खालच्या बाजूला तांबड्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं तांबडं झालेलं, पण त्या दोघी तिथंही होत्या, एकमेकींकडे बघत.

मामा चहाचा कप घेऊन बाहेर आला. चष्मा कपाळावरून खाली घेऊन त्यानं नमुना न्याहाळला.

"ह्या दोन बाजू सारख्या नाहीत की गं," तो म्हणाला. "बदलून घे."

"नाही मामा," मी तिचा हात न सोडता म्हणाले. "ही मला बदलून नको."