पलीकडचं हँडल

वेधशाळेत पहिला भोंगा वाजला तेव्हा तंत्रज्ञ साहेब चहा ढवळत होते. वीज गेली, एवढाच त्याचा अर्थ. दुसरा वाजला तेव्हा कप खाली ठेवावा लागला. जनरेटर सुरू झाला नव्हता. सगळा भार बॅटरीवर. आणि संध्याकाळचा गारवा आत यावा म्हणून घुमटाची झडप सताड उघडी होती. बाहेर आभाळ भरून आलेलं.

“जनरेटरकडे पळ,” ते मेहुण्यावर खेकसले. “नाही झाला सुरू, तर वर ये. झडप हातानं लावायला दोन माणसं लागतात. तुला अर्धा माणूस धरू.”

“हो भाऊजी,” म्हणत मेहुणा गेला. बायकोच्या हट्टापायी हा दिवटा त्यांनी इथे चिकटवला होता. उरलेलं जगही साहेबांच्या मते त्याच मालातलं.

दुर्बिणीचा आरसा भिजला तर नोकरी जाणार होती. शिवाय ज्यांना जन्मभर मूर्ख म्हटलं, तेच चौकशीला बसणार होते. साहेब धापा टाकत घुमटात पोचले.

झडपेची दोन हँडलं समोरासमोर. मध्ये हत्तीएवढी दुर्बीण, त्यामुळे पलीकडचं काही दिसत नाही. साहेबांनी आपलं हँडल फिरवून पाहिलं. ढिम्म. मग एकाएकी ते हलकं झालं.

“आलात का राजे! वाटेत झोप काढलीत वाटतं?”

झडप सरकू लागली.

“जोर लाव... ताटावर बसल्यावर लावतोस तसा. लाज असती तर कधीच मेला असतास.”

पलीकडचा वेग जरा वाढला.

हातभर फट उरली असताना भिंतीवरचा इंटरकॉम खरखरला.

“भाऊजी, रागावू नका... जनरेटर काही होत नाही. मी खालीच आहे अजून. वर येऊ का?”

साहेबांचे हात थांबले. हँडल थांबलं नाही. ते त्यांच्या मुठींना ओढत राहिलं.

पावसाचा टपोरा थेंब टकलावर आपटला. साहेबांनी आरशाकडे पाहिलं आणि पुन्हा जोर लावला.

“जरा... सावकाश फिरवा हं,” ते पुटपुटले. मेहुण्याला त्यांनी मनापासून अहो-जाहो कधी केलं नव्हतं.

फट मिटली. मिट्ट काळोख झाला. बॅटरी संपली आणि भोंगाही गप्प झाला.

त्या शांततेत पलीकडे कुणीतरी दमल्यासारखा सुस्कारा सोडला, आणि लोखंडी जिन्याच्या वरच्या पायरीवर हळूच बसलं.

खाली उतरायला तेवढा एकच जिना होता.