गोड आहे, पण…

जागा रिकामी आहे असं समजून मी गाडी वळवली, आणि करकचून ब्रेक दाबला.

अमेरिकेतल्या नोव्हाय गावात, एका ग्रोसरी स्टोअरच्या पार्किंगमध्ये, दोन धिप्पाड पिकअप ट्रकांच्या मधोमध, एक इवलीशी पिवळी गाडी उभी होती. माझ्या बंपरपासून जेमतेम वीतभर अंतरावर. आणि आत एक उंच माणूस, हातात अर्धं सँडविच धरून, माझ्याकडे शांतपणे बघत होता.

"आई गं!" माझ्या तोंडून निघालं.

त्यानं काच खाली केली. "आई बरी असावी. मीही बरा आहे."

मराठी! मी आणखीच गोंधळले. "सॉरी, सॉरी… मला खरंच दिसली नाही—"

"कोणालाच दिसत नाही." खिशातून छोटीशी वही काढून त्यानं काहीतरी टिपलं. "या महिन्यातल्या तुम्ही सातव्या. मराठीत दचकलेल्या मात्र पहिल्याच."

मे महिना होता, २००८ सालचा. नुकतीच एक सर येऊन गेली होती आणि त्याच्या काचेवर ढगांचं आभाळ हललं… त्यामागे तो हसताना दिसला. मी नाव न विचारताच निघाले, आणि घरी पोचेपर्यंत त्याचा पश्चात्ताप करत राहिले.

सोमवारी ऑफिसच्या कॉन्फरन्स रूममध्ये तो समोर बसला होता.

मी एका मार्केट रिसर्च कंपनीत होते. बेल्जियममधल्या एका छोट्या कंपनीला आपली चिमुकली गाडी अमेरिकेत विकायची होती. गॅसचा, म्हणजे पेट्रोलचा, भाव चढत होता, तेव्हा हीच वेळ आहे असं त्यांना वाटत होतं. आमचं काम एवढंच — साध्यासुध्या लोकांना ती वीस मिनिटं चालवायला द्यायची आणि मग विचारायचं, घ्याल का? मागच्या सीटवर बसून प्रश्न विचारणार मी. आणि गाडीबरोबर सहा महिन्यांसाठी आलेला इंजिनिअर तो. देवदत्त. मूळचा सांगलीचा, चार वर्षांपासून बेल्जियममध्ये.

"कादंबरी," माझी बॉस डायना म्हणाली, "हे देवदत्त."

"आम्ही भेटलोय," तो गंभीरपणे म्हणाला. "थोडक्यात वाचलो."

उन्हाळाभर मी त्या मागच्या सीटवर गुडघे दुमडून बसले. लोक आधी गाडीभोवती एक फेरी मारायचे, हसायचे, फोटो काढायचे. मग हायवेवर जाऊन परत यायचे, आणि तेव्हा तो शब्द यायचा. पण.

"गोड आहे, पण तीन मुलांच्या हॉकीच्या बॅगा कुठे ठेवू?" डेबी नावाची एक आई म्हणाली.

"गोड आहे, पण शेजाऱ्याच्या कुत्र्याच्या पिल्लासारखी," वॉल्टर नावाचे निवृत्त शिक्षक म्हणाले. "खेळवायला आवडेल. घरी नाही आणणार. बाजूला बघितलं, तर ट्रकचं चाक माझ्या डोक्याच्या वर होतं!"

देवदत्त ड्रायव्हरशेजारी बसून सगळं टिपून घ्यायचा. चेहरा हसरा, पण पेन्सिल जरा जास्तच दाबून धरलेली… मला मागून दिसायचं.

एकदा त्याला जेवायला बोलावलं. मी लतिका काकूंच्या घरी वरच्या मजल्यावर राहत होते. काकू बहात्तर साली आलेल्या, निवृत्त डॉक्टर. त्यांच्या लांबलचक गाडीशेजारी त्यानं आपली पिवळी उभी केली, तशा काकू म्हणाल्या, "ही डबी कुणाची रे?"

"माझी, काकू. म्हणजे… दारं आणि सीटा मी केल्यात. कुणाला नकोय पण."

काकूंनी त्याच्या पानात आमटी वाढली. "राग मानू नकोस. नागपूरला होस्टेलवर एका खोलीत आम्ही चौघी होतो. इथे पहिली गाडी घेतली, ती ही एवढी बोट! तिच्यात मी पहिल्यांदा हातपाय पसरून एकटी बसले. बर्फात दीड-दीड तास ड्राइव्ह करून ड्यूटीला जायचे. जेवण गाडीत, झोप गाडीत, रडणंसुद्धा गाडीत. लोकांना इथे गाडी नको असते रे, एक खोली हवी असते."

त्यानं खिशातून वही काढली, पण उघडली नाही. मग हळूच म्हणाला, "हे कुणीच सांगितलं नव्हतं."

रविवारी एका शाळेच्या मोकळ्या पार्किंगमध्ये तो मला गिअरची गाडी शिकवायला लागला. मी अमेरिकेत शिकलेली, क्लच ठाऊकच नव्हता.

"हळू सोडा."

"हळूच सोडतेय."

"याहून हळू. एखाद्याचा हात सोडवत नसताना सोडतात ना… तसं."

"अनुभव दांडगा दिसतो."

"नुसती थिअरी."

गाडी गचका खाऊन बंद पडली. "तू मध्ये बोलू नकोस ना!" मी वैतागले — आणि दोघंही एकदम गप्प झालो. तू. निसटलंच होतं. त्यानं माझा हात गिअरवर ठेवला, त्यावर आपला. गाडी इतकी लहान, की खांदे आपोआप टेकत होते. त्यानंतर दुसरा गिअर कधी पडला, मला खरंच आठवत नाही.

तो मात्र कधीच काही बोलला नाही. मेपलची पानं लाल झाली, गळाली. नोव्हेंबरपर्यंत गॅसचा भाव निम्म्यावर आला आणि छोट्या गाडीचं नावही कुणी काढेना. मंदीमुळे शहरात रोज कुणाची तरी नोकरी जात होती. माझा रिपोर्ट तयार झाला — शंभरातल्या अडुसष्ट लोकांना गाडी आवडली होती. घेणार होते सहा.

अडुसष्ट हा आकडा पहिल्या पानावर टाकला असता, तर कदाचित प्रोजेक्ट आणखी सहा महिने चाललं असतं. तो इथेच राहिला असता… दोन दिवस मी त्या पहिल्या पानाकडे बघत बसले. पण त्याची ती दाबून धरलेली पेन्सिल आठवली. एवढ्या मन लावून ऐकणाऱ्या माणसाशी खोटं कसं बोलायचं? मी सहा लिहिले.

मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर त्यानं इंग्रजीत एकच प्रश्न विचारला. "तुम्ही स्वतः घ्याल का ही गाडी?"

मी रिपोर्टवरून नजर उचलली. "नाही," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली आणि वही मिटली. प्रोजेक्ट त्याच आठवड्यात बंद झालं.

दहा दिवस त्याचा फोन नाही. मी केला तर उचलेना. अकराव्या दिवशी त्याचाच आला. "टेस्टची गाडी इथे ठेवता येत नाही, नियम आहे. पूर्व किनाऱ्यावर, नुअर्कच्या बंदरावर पोचवायचीय. उद्या पहाटे ड्राइव्ह करत निघतोय. रविवारी माझी फ्लाइट आहे."

"एकटाच?"

"सीटा चार आहेत."

पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात धुकं उतरलं होतं. दुपार असूनही सगळं दुधाळ… झाडं, पूल, दरीतली घरं, सगळं स्वप्नात पाहिल्यासारखं पुसट. आणि त्यातून अचानक दोन्ही बाजूंनी ट्रक आले. वाऱ्यानं आमची गाडी थरथरली. एवढं मोठं चाक माझ्या खिडकीत गरगरत होतं. मी डोळे मिटले आणि त्याचा हात घट्ट धरला.

पुढच्या रेस्ट एरियात त्यानं गाडी थांबवली. हात सोडवला नाही.

"वॉल्टर बरोबर बोलत होते," तो म्हणाला.

"फोन का नाही उचललास? रागावलास?"

"तुझ्यावर? छे! तू खरं बोललीस. तिकडे माझ्या कंपनीत चार वर्षांत ते धाडस कुणाचं झालं नाही."

"मग?"

तो समोरच्या धुक्याकडे बघत राहिला. "घाबरलो होतो गं. सहा महिने रोज ऐकत होतो… आवडते, पण. छान आहे, पण. गाडीबद्दल ऐकून घेतलं. तुला विचारलं असतं आणि तूही म्हणाली असतीस, आवडतोस, पण… तर मला ते झेपलं नसतं."

मी सीटबेल्ट सोडला.

"विचार," मी म्हणाले.

"काय?"

"एवढे प्रश्न मी विचारले, आता एक तू विचार."

त्यानं माझ्याकडे वळून बघितलं. काचेवर आमच्या श्वासांचं आणखी एक धुकं जमलं होतं. "कादंबरी… मी आवडतो तुला?"

"आवडतोस."

तो वाट बघत राहिला. मी काहीच बोलले नाही. हळूहळू त्याच्या लक्षात आलं, की वाक्य संपलंय… आणि तो असा हसला, असा हसला, की मला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंदरावर गाडी सोपवली. पिवळा ठिपका कंटेनरच्या रांगांमध्ये दिसेनासा होईपर्यंत तो उभा होता. मग आम्ही ट्रेननं जवळच्या एडिसनला गेलो. त्याची चुलत वहिनी तिथे राहत होती. तिथल्या ओक ट्री रोडवरच्या एका देशी हॉटेलात चहा घेता घेता बेत ठरला. डिसेंबरच्या सुट्टीत मी बेल्जियमला जाणार. तो आमच्या नोव्हायजवळच्या ॲन आर्बरच्या विद्यापीठात पीएचडीसाठी अर्ज करणार. मिळाली तर तो इकडे, नाही तर मी तिकडे. दोघांनाही उत्तराची घाई नव्हती.

"आईला आत्ताच सांगते," मी म्हणाले. बाहेर फुटपाथवर येऊन मी फोन कार्डाचा लांबलचक नंबर दाबला.

नागपूरला रात्रीचे नऊ वाजले होते. आईनं सगळं ऐकून घेतलं. उंची विचारली, गाव विचारलं. मग म्हणाली, "आणि काय करतो गं मुलगा?"

"गाड्या बनवतो, आई."

"अगंबाई! मग स्वतःची मोठी गाडी असेल ना?"

मी देवदत्तकडे बघितलं. तो पाठीवर सॅक घेऊन, थंडीनं लाल झालेलं नाक चोळत, रस्ता ओलांडण्यासाठी माझी वाट बघत उभा होता.

"नाही गं," मी म्हणाले. "सध्या पायी आहे."

"बरं," ती म्हणाली, "मग तू चाल त्याच्याबरोबर. आणि स्वेटर घाला दोघं."