नाव नको, नंबर सांगा

डीलिया मॅग्रेनने नेहमीसारखा जेवणाचा डबा खुंटीला अडकवला, टेलिफोन एक्स्चेंजच्या बोर्डासमोरच्या उंच स्टुलावर बसून पितळी पिना फडक्याने पुसल्या आणि रिसीव्हरचा पट्टा डोक्यावर चढवला. अमेरिकेतल्या ट्रॉय शहरात टेलिफोन येऊन जेमतेम चार वर्षं झाली होती, पण बड्या लोकांचं आता त्याच्यावाचून पान हलत नव्हतं. घरात बसून यंत्राची मूठ फिरवली की एक्स्चेंजच्या बोर्डावर त्या घराची झडप टपकन खाली पडायची. मग बोर्डावरची मुलगी तिथे पिन खोचून विचारायची, कोण हवं?

सुरुवातीला लोक सरळ नाव सांगत. डॉक्टरांकडे लाव म्हटलं की मुलगी लावून द्यायची, आणि डॉक्टर मासे धरायला गेलेत, संध्याकाळी या, असंही वर सांगायची. पुढे कंपनीला या गप्पा खुपू लागल्या. प्रत्येक घराला नंबर मिळाला आणि मुलींना सक्त ताकीद मिळाली की नाव ऐकायचं नाही, नंबर विचारायचा, नंबर नसेल तर पिन काढायची. डीलियाने हा नियम इमानेइतबारे पाळला होता.

तीन आठवड्यांपूर्वी, दुपारी साडेबाराच्या पुढे, चाळीस नंबरची झडप पडली होती. चाळीस म्हणजे प्रॅटसाहेबांची लाँड्री. शहरातल्या निम्म्या बायका शर्टांच्या कॉलरी शिवून, धुवून, खळ घालून पोट भरत, त्यातल्या कितीतरी तिथेच राबत. धापा टाकणारी एक मुलगी म्हणाली, प्रॅटसाहेबांकडे लावा, बॉयलर आवरत नाही. डीलियाने नंबर विचारला. नंबर मला कुठला ठाऊक, बाई, साहेब घरी जेवायला गेलेत आणि दाराची किल्ली त्यांच्या खिशात आहे, असं ती काकुळतीने सांगत राहिली.

प्रॅटच्या घरचा नंबर डीलियाला झोपेतही सांगता आला असता. पण पाठीशी देखरेखीच्या बाई, मिस प्रिन्डल, उभ्या होत्या. "नाव नको, नंबर सांगा," असं म्हणून डीलियाने पिन काढली. सात मिनिटांनी एक्स्चेंजच्या सगळ्या काचा थरथरल्या.

अकरा मुली गेल्या. मला कुणी कळवलंच नाही, असं प्रॅटने वर्तमानपत्रात छापून आणलं. आमच्याकडे कॉल आलाच नाही, असं कंपनीने सांगून टाकलं. मिस प्रिन्डलने डीलियाला कोपऱ्यात घेऊन बजावलं की गुरुवारी कॉरोनरसमोर या मृत्यूंची चौकशी आहे, आईच्या औषधपाण्याची काळजी असेल तर तोंड शिवून बस. डीलिया गप्प बसली. तिला स्वतःची शिसारी येत होती, पण ती गप्प बसली.

आज बुधवार होता. बाहेर बर्फावर लख्ख ऊन पडलं होतं. बारा वाजून चाळीस मिनिटं झाली आणि चाळीस नंबरची झडप पडली.

शेजारच्या मेबलने ती बोटाने वर ढकलली. ती पुन्हा पडली.

"डीली..." मेबल अगदी हळू म्हणाली, "ती तार तर तोडून नेली ना गं?"

तोडली होती. मागे राहिलेलं टोक लाँड्रीच्या विटांच्या ढिगावर लोंबत होतं. ओल लागली असेल, हात लावू नका, असं मिस प्रिन्डल म्हणाल्या. डीलियाने पिन खोचली.

आधी नुसती सूंऽऽ अशी वाफ ऐकू आली. मग रिसीव्हरच्या भोकांतून गरम खळीचा आणि ओल्या कापडाचा वास आला. त्यामागून तीच धाप.

"प्रॅटसाहेबांकडे... लावा..."

डीलियाने रिसीव्हर कानाशी घट्ट दाबला. ती घाबरली होती, फार घाबरली होती. पण त्या भीतीपेक्षाही मोठा तिचा संताप होता, नियमावर आणि त्याहून जास्त स्वतःवर.

"लावते," ती म्हणाली. "आधी तुझं नाव सांग."

"माझं...?"

"तुझं. आणि तिथे आहात तेवढ्या सगळ्यांची."

होनोरा डूली, पहिलं नाव आलं. मग एकेक आवाज जवळ येत गेला आणि डीलिया चिठ्ठीवर लिहीत गेली. बारावा अगदी बारीक होता. "विनिफ्रेड क्युसॅक... मी आजच लागले कामाला. बॉयलरच्या मागे आहे."

"पिन काढ," मिस प्रिन्डल मागून म्हणाल्या.

"नाही काढणार." डीलियाने पिनेच्या दोरीचं दुसरं टोक प्रॅटच्या घराच्या भोकात खोचलं आणि घंटा दिली. "तुम्हीच काढून बघा."

मिस प्रिन्डलने पिनेला हात घातला आणि लगेच मागे घेतला. त्यांच्या बोटांवर फोड उठले होते. डीलियाने शाल उचलली आणि भर पाळीत बाहेर पडली.

कॉरोनरचा कारकून चिठ्ठी बघून हसला. ढिगाऱ्यात कामगारांचे नंबर कोरलेले अकरा बिल्ले सापडलेत, म्हणजे मुली अकराच, असा त्याचा हिशेब. विनिफ्रेडला अजून बिल्ला मिळाला नव्हता, डीलिया म्हणाली, आणि बॉयलरमागच्या विटा उपसल्याशिवाय मी इथून हलत नाही. म्हाताऱ्या कॉरोनरने अखेर माणसं धाडली. दिवस मावळायच्या आत बारावी सापडली.

गुरुवारी सभागृह खच्चून भरलं होतं. पुढच्या रांगेत प्रॅट बसला होता, डोळे लाल, दोन्ही कानांत कापसाचे बोळे. त्या दिवशी कॉल आला होता का, कॉरोनरने डीलियाला विचारलं.

"आला होता. मी तोडला. नंबर नव्हता म्हणून."

नोकरी तिथेच गेली, हे तिला कळलं, आणि कितीतरी दिवसांनी तिची मान ताठ झाली.

"आणि ही नावंही त्याच वेळी सांगितली?"

हो म्हटलं असतं तर सगळं सोपं होतं. सगळ्यांनी विश्वास ठेवला असता. पण खोटं बोलायचं तिचं आता संपलं होतं.

"नाही. नावं काल सांगितली."

कारकुनाची लेखणी थांबली.

"काल दुपारी. आणि त्या अजून लाईनवर आहेत, साहेब. मी पिन काढलेली नाही, आणि दुसरं कुणी काढायला धजत नाही." ती प्रॅटकडे वळली. "घरी घंटा वाजतेय ना अजून? उचला की एकदा."

प्रॅटने कापसाचा बोळा आणखी आत कोंबला.

"घरची तार तर मी काल संध्याकाळीच तोडली," तो म्हणाला.